आंबर्डेकरांची गंजविरोधी मोहीम

श्यामसुंदर आंबर्डेकरांचं या जगात कोणाशीही वैर नव्हतं. कचेरीत ज्या साहेबाने त्यांचं प्रमोशन चार वर्षं अडवलं, त्याच साहेबाच्या मुलीच्या लग्नात ते भर पंगतीत जिलबीचा आग्रह करत फिरले होते. पण गंज म्हटला की हा सज्जन माणूस एकदम बदलायचा. लोखंडावर तपकिरी ठिपका दिसला की त्यांच्या कपाळावर आठी चढायची आणि हात पॉलिशपेपर शोधू लागायचा.

असा माणूस राहायला कुठे आला, तर वाशीला. खाडीचा वारा चांगला असतो असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तो येताना मीठ घेऊन येतो हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी खिडकीचं ग्रिल गेलं, दुसऱ्या वर्षी कड्या आणि बिजागऱ्या. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९८३ साली, श्यामसुंदररावांनी युद्ध पुकारलं. रोज संध्याकाळी कचेरीतून आले, चहा घेतला, की लेंगा वर खोचून तासभर रंगकाम. आधी खरवडायचं, मग गंज अडवणारा रेड ऑक्साइड, मग हिरवा ऑइलपेंट. स्वतःचं ग्रिल झालं की खाटेचे पाय, खाटेचे पाय झाले की जिन्याचा कठडा, आणि कठडा झाला की कोणीही न सांगता सोसायटीच्या टाकीचं झाकण. तोवर ग्रिलची पाळी पुन्हा आलेली असायची. रंगवताना ते शीळ घालायचे. एकाच भजनाची पहिली ओळ. दुसरी त्यांना येत नव्हती, आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

काम संपलं की ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा करून डबा स्वयंपाकघरात ओट्याखाली. गॅलरीत ठेवला तर वाऱ्याने ब्रश वाळतो. ब्रशाच्या बाबतीत श्यामसुंदरराव हळवे होते.

पुढच्या वर्षी एका रविवारी, पुरवणीत राशिभविष्य आणि पाककृती यांच्या मधल्या जागेत त्यांना एक लेख सापडला. मथळा होता ‘शरीरालाही गंज चढतो’. श्यामसुंदरराव उभे होते ते खाली बसले. लेखात म्हटलं होतं की ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच आतून आपल्याला थोडाथोडा झिजवत असतो. त्यावर शरीर स्वतःच एक संरक्षक पदार्थ बनवतं, त्याचा मोठा साठा लिव्हरमध्ये असतो, आणि त्याचं नाव ग्लुटाथायोन.

“म्हणजे शरीराचा रेड ऑक्साइड!” श्यामसुंदरराव मोठ्याने म्हणाले.

“वर्तमानपत्र खाली ठेवा आणि कोथिंबीर निवडून द्या,” जयमालाबाई आतून म्हणाल्या. त्यांची पत्नी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि यातली शेवटची चार कोथिंबिरीच्या बाबतीत निष्फळ गेली होती.

कोथिंबीर तशीच राहिली, कारण लेखाचा पुढचा परिच्छेद भयंकर होता. डोकेदुखीची साधी गोळी शरीराबाहेर टाकण्यासाठी लिव्हरला याच साठ्यातला माल वापरावा लागतो. एखाददुसरी गोळी असेल तर प्रश्न नाही, साठा भरून निघतो. पण गोळ्या जास्त झाल्या, त्यात पोट रिकामं असलं, तर साठा संपतो आणि लिव्हर उघडं पडतं.

श्यामसुंदररावांनी मान वर केली. जयमालाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी एक पांढरी गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा पोळी लाटायला लागल्या. दिवस संकष्टीचा होता. पोळ्या नवऱ्यासाठी होत्या. बाईंच्या पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं.

“अगं, कितीशा घेतेस या?”

“लागतील तशा.”

“म्हणजे किती?”

“म्हणजे लागतील तशा. आमटीत मीठ मी मोजून घालते का?”

“पण कशासाठी?”

“डोकं दुखतं म्हणून. हौस म्हणून कोण खातं?”

“कधीपासून दुखतंय?”

“दुखतं हो. बायकांचं दुखतंच,” असं म्हणून जयमालाबाईंनी पोळी उलटली आणि विषय मिटवला. श्यामसुंदररावांना मात्र आपल्या घरात, आपल्या नाकासमोर गंज चढतो आहे आणि आपण बाहेर कठडे रंगवत बसलो, या विचाराने त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीन पोळ्या कशाबशा गेल्या.

इथे गोळ्यांच्या डब्याबद्दल सांगायला हवं. वाशीत सुरुवातीला औषधाचं दुकान लांब होतं आणि डॉक्टर त्याहून लांब. त्यामुळे इमारतीत एक पद्धत पडली होती. कोणाचं आजारपण संपलं की उरलेल्या गोळ्या फेकायच्या नाहीत, जयमालाबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात आणून टाकायच्या. कोणाला काही झालं की तिथूनच न्यायच्या. साखर-विरजणाचा जसा व्यवहार, तसाच हा. पाकिटं कात्रीने दोन-दोन गोळ्यांची कापून वाटलेली असल्यामुळे औषधांची नावं केव्हाच कापली गेली होती. गोळ्यांना डब्यातच नवी नावं पडली होती. साधी पांढरी ही डोक्याची. मालतीबाईंची पिवळी ही सर्दीची. सबनीसांची जाड ही अंगदुखीची. जयमालाबाई सकाळी पांढरी घ्यायच्या, दुपारी डोकं जड वाटलं तर ‘सर्दी असेल’ म्हणून पिवळी, आणि रात्री ‘अंगही मोडून आलंय’ म्हणून जाड. एकच गोळी सारखी घेऊ नये, एवढी काळजी त्या घेत होत्या.

श्यामसुंदरराव डबा घेऊन समोरच्या भगवान सोनकांबळ्यांकडे गेले. सोनकांबळे उदगीरकडचे, एम.एस्सी. झालेले, तुर्भ्याच्या बाजूला एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. मितभाषी माणूस. त्यांनी डब्यात पाहिलं आणि पाकिटांचे दोन-तीन तुकडे उलटसुलट करून पाहिले.

“वहिनी यातल्या रोज घ्यायल्यात?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तीन तरी. कधी चार-पाच.”

“नाव नसलेल्या गोळीवर मी काही बोलणार नाही आंबर्डेकर. ज्यांनी दिल्या त्यांच्याकडून पूर्ण पाकिटं आणा. नावं वाचतो, मग सांगतो.”

श्यामसुंदररावांना हे पटलं. कागदपत्रांशिवाय कुठलंही प्रकरण पुढे सरकू नये हे त्यांचं स्वतःचंच आयुष्यभराचं मत होतं. त्यांनी रीतसर सूचना लिहिली. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सामाईक डब्यात दिलेल्या गोळ्यांची नावे लिव्हरच्या हिताच्या दृष्टीने तातडीने निम्नस्वाक्षरीकारास कळवावीत.’ सही केली, तारीख घातली आणि फलकावर लावायला परवानगी मागायला सोसायटीचे सेक्रेटरी अरविंद सबनीस यांच्याकडे गेले.

सबनीसांनी सूचना दोनदा वाचली. “फलकावर फक्त सोसायटीचे विषय लागतात.”

“हा सोसायटीचाच विषय आहे. डबा सामाईक आहे.”

“डबा असेल. लिव्हर नाही. जिना, गच्ची, पंप आणि टाकी हा कॉमन एरिया. लिव्हर ज्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये येतं.”

“मग काय करू?”

“सर्वसाधारण सभेत ठराव आणा. सभा मे महिन्यात.”

तेव्हा नोव्हेंबर चालू होता. जन्मभर लोकांना ‘पुढच्या सोमवारी या’ सांगणारे श्यामसुंदरराव जिना उतरताना प्रथमच टेबलाच्या समोरच्या बाजूचा माणूस झाले होते, आणि ती बाजू त्यांना फार अरुंद वाटली.

सूचना लागेना म्हणून ते दारोदार फिरले. बेल वाजवायची, नमस्कार करायचा आणि विचारायचं, “तुमच्या गोळ्यांचं पाकीट पाहायचं होतं. लिव्हरचा जरा प्रश्न आहे.” कोणाचं लिव्हर, हे सांगणं त्यांना प्रशस्त वाटेना. बायकोचं दुखणं परक्या दारात कसं काढायचं? त्यामुळे ते मोघम बोलले. सरकारी मनुष्य मोघम बोलला की लोक उरलेलं स्वतः भरतात.

मध्यमवर्गात पोट बिघडणं सभ्य असतं, रक्तदाबाला तर थोडी प्रतिष्ठाही असते. लिव्हरचं तसं नाही. लिव्हर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाटली उभी राहते.

वरच्या मजल्यावरच्या मालतीबाईंनी पाकीट दिलं आणि त्याबरोबर फार समजूतदार नजरेने पाहिलं. “भावोजी, होतं असं. माणूस चांगला असला तरी होतं. थांबा.” त्यांनी आतून दुबईच्या भावाने पाठवलेली ई व्हिटॅमिनची बाटली आणली. “रोज दोन. शरीर धुऊन निघतं.” तळमजल्याच्या वेणूबाईंनी लसणाच्या अकरा पाकळ्या दिल्या. कोणी कॉडलिव्हर ऑइल दिलं, कोणी आवळ्याची पूड, कोणी मुलं चघळतात त्या सी व्हिटॅमिनच्या केशरी गोळ्या. सबनीसांनी पाकीट दाखवलं, पण अर्ज लिहून घेऊन.

एवढ्या प्रेमाने दिलेलं नाकारायचं कसं? शिवाय जयमालाबाईंना काही देण्याआधी स्वतःवर प्रयोग करणं हे नवऱ्याचं कर्तव्य. श्यामसुंदरराव आठवडाभर सगळं खात राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ढेकरेला लसूण, मासा आणि संत्रं असा एकत्रित वास येऊ लागला. पाचव्या दिवशी कचेरीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहिली. सातव्या दिवशी त्यांनी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ती पूर्णपणे संडासात घालवली.

“कोणाचं लिव्हर सुधारतंय हे?” जयमालाबाईंनी बाहेरून विचारलं.

पाकिटं मात्र जमली. सोनकांबळ्यांनी ती टेबलावर ओळीने मांडली, भिंग लावून बारीक अक्षरं वाचली आणि चष्मा काढला.

“पांढरी, पिवळी, जाड. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. पिवळीत सर्दीचं थोडं काही घातलंय, जाडीत अंगदुखीचं. बाई एकच आहे आंबर्डेकर, साड्या तीन आहेत.”

श्यामसुंदररावांनी तिन्ही पाकिटं जवळ ओढली. “म्हणजे ती बदलून बदलून...”

“बदलत काहीच नव्हतं. त्यात उपास किती करतात?”

“संकष्टी, गुरुवार. श्रावणात विचारू नका.”

“हे वाईट. तो साठा लिव्हर जेवणातूनच बनवतं. डाळ, मासळी, अंडी. उपाशीपोटी गोळ्या म्हणजे दुकानात माल येत नाही आणि गिऱ्हाईक थांबत नाही. गोळी वाईट नाही. तापात मी पण घेतो. पण रोज, ती पण तीन नावांनी, हे चालायचं नाही.”

“मग मी तिला ही ई व्हिटॅमिनं, आवळा...”

“ते खाऊन तुमचं काय झालं ते सगळ्या इमारतीला माहीत आहे,” सोनकांबळे पहिल्यांदाच हसले. “बाहेरून आणून भरल्यावर शरीराचं स्वतःचं काम वाढतं का मंदावतं, यावर आमच्या प्रयोगशाळेतच एकमत नाही. तुम्ही तो नाद सोडा. गोळ्या बंद करा, पोटभर जेवू घाला, रक्त तपासा. आणि डोकं का दुखतं ते शोधा.”

रक्त तपासायला जयमालाबाई तयार होईनात. “मला काय झालंय?” हे त्यांचं एकच उत्तर. श्यामसुंदरराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले. सूचना, अर्ज, परिपत्रक यांपैकी कशाचीच भाषा त्यांना सुचेना. शेवटी ते म्हणाले, “ग्रिल गेलं तर मी नवीन आणीन गं.”

जयमालाबाईंनी पुढचं ऐकायची वाट पाहिली. पुढचं काही आलं नाही. मग त्यांनी हात पुसले आणि चपला घातल्या.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, डॉक्टरांनी ती देताना त्रास कोणाला म्हणून दोघांकडे पाहिलं, आणि श्यामसुंदरराव इतके घाबरलेले दिसत होते की चिठ्ठी त्यांच्याच नावावर फाडली गेली. ती दुरुस्त करायला दुसरा हेलपाटा पडला. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. लिव्हरचा एक आकडा वर गेलेला होता. फार नाही, पण होता. डॉक्टर म्हणाले, आत्ता थांबलात तर आपोआप खाली येईल. आणखी वर्षभराने आला असतात तर माझं बोलणं वेगळं असतं.

घरच्या वाटेवर श्यामसुंदररावांनी रस्ता ओलांडताना बायकोचं कोपर धरलं, आणि ओलांडून झाल्यावर सोडायचं विसरले.

दारात चांगुणाबाई पाटी उतरवून बसली होती. शेजारच्या जुहूगावची कोळीण, तीन वर्षं मासळी देणारी, स्पष्टवक्ती. तिने श्यामसुंदररावांना खालून वर न्याहाळलं.

“दादा, येक सांगू? राग नको धरू.”

“सांग की.”

“सोर ती.”

“काय सोडू?”

“दारू रं! माजा भाऊस बी असाच व्हता. लिवर सरला त्याचा. बायकू गरीब हाय तुजी, बग कशी सुकली. मानसाला देवाचा भ्याव पायजेल.”

श्यामसुंदररावांचं तोंड उघडं राहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी सोड्याची बाटली फोडली होती तीही अपचनासाठी. “तुला... तुला कोणी सांगितलं?”

“कोन सांगंल कशाला? समद्या बिल्डिंगला ठावं हाय.”

एवढ्यात मालतीबाई जिना उतरून आल्या. “भावोजी, आता लपवू नका. आम्ही कधी बोललो नाही, पण वास येतो ना वर. रोज संध्याकाळी तुम्ही आलात की सुरू होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट वर. दर्प! आमच्या ह्यांचं तर डोकं उठतं.”

“दारूचा वास? माझ्या घरातून?” श्यामसुंदररावांचा आवाज इतका चढला की सोनकांबळे दार उघडून बाहेर आले, आणि सबनीस बहुधा नियमांची वही घेऊन जिन्यात येऊन थांबले. “चला! सगळे आत चला! शोधा बाटली!”

सगळे आत शिरले. चांगुणाबाई पाटीसकट शिरली. सोनकांबळे स्वयंपाकघरात गेले, नाक वर करून क्षणभर उभे राहिले, मग वाकून त्यांनी ओट्याखालून डबा ओढला. त्यात ब्रश उभा होता. शेजारी टर्पेंटाइनची बाटली, झाकण अर्धं सैल.

“हीच का ती?” त्यांनी विचारलं.

“हाच! हाच तो वास!” मालतीबाई म्हणाल्या.

“टर्पेंटाइन आहे ते. प्यायचं नसतं,” सोनकांबळे म्हणाले. मग सावकाश जयमालाबाईंकडे वळले. “वहिनी, बहिणीकडे राहायला जाता तेव्हा डोकं दुखतं?”

“नाही.”

“गणपतीला गावी?”

“तिथे कशाला दुखेल?”

“आणि इथे ओट्यापाशी उभ्या राहिलात की दुखतं.”

जयमालाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. स्वयंपाकघरात इतकी शांतता झाली की पाटीतल्या बोंबलांकडे मांजर आल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही. चांगुणाबाईच्या आलं. “शुक!” ती म्हणाली, आणि त्या एका शब्दासरशी सगळ्यांना आपापली कामं आठवली.

दोघंच उरल्यावर श्यामसुंदरराव ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. समोर डबा होता.

“तुला माहीत होतं?”

“अंदाज होता.”

“किती दिवस?”

“ग्रिलच्या दुसऱ्या हाताच्या वेळेपासून.”

“आणि तू बोलली नाहीस? गोळ्या खात बसलीस? अगं, आकडा वर गेलाय तुझा!”

जयमालाबाईंनी खिडकीतून हिरव्यागार ग्रिलकडे पाहिलं. “तुम्ही कचेरीतून येता ते चेहरा पाडून येता. चहा घेता तरी तोच. मग ब्रश हातात घेता आणि शीळ घालता. दिवसातून तेवढंच ऐकू येतं तुमचं काही चांगलं. म्हटलं, एक गोळी घेतली की भागतंय.”

श्यामसुंदररावांनी उठून ब्रश, बाटली, दोन्ही रंगांचे डबे आणि उरलेला पॉलिशपेपर एका पिशवीत भरला आणि सबनीसांच्या दारात नेऊन ठेवला. सबनीसांनी पोच दिली.

गोळ्यांचा डबा सोनकांबळ्यांनी रिकामा केला. आता त्यात पुन्हा बिस्किटं आली. संकष्टीला जयमालाबाई उपास करायच्या, पण राजगिऱ्याच्या लाडवाबरोबर दूध घेऊन, आणि ते दूध श्यामसुंदरराव समोर उभे राहून संपवायला लावायचे. चांगुणाबाई आठवड्यातून दोनदा बोंबील देऊ लागली. “वैनीचे लिवरसाटी,” असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगायची, त्यामुळे टर्पेंटाइनवर पूर्ण विश्वास न बसलेल्या इमारतीत आता वैनीच्याही नावाची कुजबुज सुरू झाली. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. आकडा खाली आला होता. श्यामसुंदररावांनी तो अहवाल चार वेळा वाचला आणि घडी घालून पाकिटात ठेवला.

ग्रिलचं मात्र व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात बसून कोथिंबीर निवडत होते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाखालून चांगला रुपयाएवढा तपकिरी फुगवटा आला होता. त्यांनी तो पाहिला. बोट लावलं. पापुद्रा सुटून हातावर आला. दुसरा हात पॉलिशपेपर शोधू लागला.

“दिसलं का?” जयमालाबाई आमटी ढवळत म्हणाल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

“काय?”

“कोपऱ्यातलं.”

“नाही. काही नाही,” श्यामसुंदरराव म्हणाले, बोट लेंग्याला पुसलं आणि कोथिंबिरीची पुढची जुडी ओढली.

“शीळ का बंद केलीत?” जयमालाबाईंनी विचारलं.

“ती ब्रशाबरोबर असते.”

“कोथिंबिरीबरोबर चालत नाही?”

श्यामसुंदररावांनी या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. मग ओठ ओले करून त्यांनी तीच एक ओळ सुरू केली. सरावात खंड पडल्यामुळे सूर लागत नव्हता. ओळ अर्ध्यात घसरायची, पुन्हा पहिल्यापासून यायची आणि खिडकीतून, गंजलेल्या ग्रिलमधून, थेट वर जायची. जयमालाबाईंचा डाव आमटीत फिरत होता, तो त्या तालावर फिरू लागला.

वरच्या मजल्यावर मालतीबाईंनी मान कलती करून थोडा वेळ ऐकलं आणि आपल्या यजमानांना म्हणाल्या, “काय बाई, दोन महिने सोडली होती बिचाऱ्यांनी. आज पुन्हा घेतलेली दिसते.”